किटलीची गोष्ट पुरे, सिलिंडर कोणी बोअर केला तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर जुन्या शोधांची माहिती आली होती, त्यात परत तीच गोष्ट, छोटा जेम्स वॅट शेगडीपाशी बसलाय, किटलीचं झाकण वाफेने थडथडतंय आणि त्याच्या डोक्यात वाफेचं इंजिन आलं. माझी नात सातवीत आहे, तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, आजोबा, किटली तर तेव्हा घरोघरी असेल ना, मग बाकी कोणाला का नाही सुचलं? प्रश्न अगदी बरोबर आहे. मी छत्तीस वर्षं लेथ आणि बोअरिंग मशीनवर (बोअरिंग म्हणजे भोक आतून कातून गोल आणि सरळ करायचं) काढली आहेत, रिटायर झाल्यापासून याच विषयाची पुस्तकं मिळतील तशी वाचतो, म्हणून तिला जे उत्तर दिलं ते तुम्हालाही लिहून पाठवतोय. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा पण सिलिंडरचा भाग तेवढा ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे वॅटचा जन्म १७३६ चा, आणि वाफेवर चालून खाणीतलं पाणी उपसणारं इंजिन १७१२ सालीच इंग्लंडमध्ये डडली कॅसलजवळ एका कोळशाच्या खाणीवर चालू झालेलं होतं, म्हणजे वॅट जन्मायच्या चोवीस वर्षं आधी. ते बनवलं थॉमस न्यूकमेनने. हा काही प्रोफेसर नव्हता, डेव्हनमधल्या डार्टमथ गावात लोखंडी सामानाचा धंदा करायचा, खाणवाल्यांना हत्यारं विकायचा, त्यामुळे खाणीत पाणी भरलं की काय हाल होतात हे त्याला रोजच्या गिऱ्हाईकांकडून कळत होतं. जोडीला जॉन कॅली नावाचा कारागीर. आणि तेव्हा थॉमस सेव्हरी म्हणून एकाचं १६९८ चं पेटंट होतं, आगीच्या जोरावर पाणी वर चढवायचं, ते इतकं मोघम लिहिलेलं की न्यूकमेनचं यंत्र पूर्ण वेगळं असूनही त्याला त्याच पेटंटखाली काम करावं लागलं. १७३३ साली ते पेटंट संपेपर्यंत न्यूकमेनची शंभरेक इंजिनं लागलेली होती. न्यूकमेन १७२९ मध्येच गेला. मुलांच्या पानावर त्याचं नावसुद्धा नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

ते इंजिन चालायचं कसं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक उभा सिलिंडर, २१ इंच व्यासाचा आणि जवळजवळ आठ फूट उंच, वरून उघडा, आत पिस्टन म्हणजे दट्ट्या. दट्ट्या साखळीने एका भल्यामोठ्या लाकडी तुळईच्या एका टोकाला टांगलेला आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला खाणीत उतरलेल्या पंपाचे दांडे. दांड्यांच्या वजनाने तुळई तिकडे झुकली की इकडे दट्ट्या वर, आत खालून वाफ भरते, मग वाफ बंद करून सिलिंडरमध्ये गार पाण्याची धार मारायची, वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि वरची मोकळी हवाच दट्ट्याला खाली दाबते. म्हणजे बघा, दट्ट्याला ढकलायला वाफेचा जोर इथे नाहीच, ढकलते ती हवा, वाफेचं काम फक्त जागा भरून परत नाहीसं व्हायचं. किटलीच्या झाकणाशी याचा काही संबंध लागत नाही. मिनिटाला बारा ठोके, एका ठोक्याला १० गॅलन पाणी, १५३ फूट खोलीवरून.

आता दट्ट्या आणि सिलिंडरच्या मधली फट. त्या काळी एवढा मोठा सिलिंडर आतून सरळ आणि गोल करणारं मशीनच नव्हतं, सुरुवातीचे पितळेचे असायचे, ओतायचे आणि मग हाताने घासून घासून गुळगुळीत करायचे, पुढे बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे ओतायला लागले तेव्हाही तेच. मग फट राहणारच. न्यूकमेनने त्यावर तोड काढली ती फार सुंदर आहे, दट्ट्याला कातड्याची चकती लावली आणि दट्ट्याच्या वर थोडं पाणी ठेवलं, जिथे फट असेल तिथे कातडं फुगून बसतं आणि वरून पाणी असल्यामुळे हवा आत शिरत नाही. वाकड्यातिकड्या सिलिंडरवर चालणारं इंजिन. जे हातात आहे त्यात काम काढायचं, मला हा माणूस त्यासाठी वॅटपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

आता वॅट. तो ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत वैज्ञानिक उपकरणं बनवायचा, दुरुस्त करायचा. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकमेनच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल रिपेअरला आलं, वर्गात दाखवायचं होतं पण चालत नव्हतं. सिलिंडर फक्त २ इंचांचा. त्याने ते नीट केलं तरी दोन-चार ठोके मारून बंद पडायचं, बॉयलरमधली वाफ संपून जायची. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं मॉडेलच भिकार आहे आणि परत देऊन टाकलं असतं. हा मोजायला बसला, किती वाफ जाते, किती पाणी लागतं, आणि त्याच्या लक्षात आलं की सिलिंडरमध्ये जेवढी मावते त्याच्या कितीतरी पट वाफ दर ठोक्याला खर्च होतेय. कारण दर वेळी गार पाण्याने सिलिंडरचं बीड-पितळसुद्धा गार होतं आणि पुढच्या वेळी अर्धी-अधिक वाफ त्याला परत तापवण्यातच जाते. तिथेच जोसेफ ब्लॅक प्रोफेसर होते, त्यांनी वाफेतल्या सुप्त उष्णतेचा, म्हणजे पाण्याची वाफ होताना तापमान न वाढता तिच्यात दडून राहणाऱ्या उष्णतेचा, अभ्यास केलेला होता, त्यांच्याशी वॅटचं याबद्दल बोलणं झालं.

दीड-एक वर्ष हे डोक्यात घोळत होतं आणि १७६५ च्या मे महिन्यात एका रविवारी ग्लासगो ग्रीनवर फिरताना, कपडे धुवायच्या जागेपाशी आला असताना त्याला उत्तर सुचलं, वाफ सिलिंडरमध्ये गार करायचीच नाही, बाजूला वेगळं भांडं ठेवायचं, ते कायम गार, सिलिंडर कायम गरम, मध्ये झडप उघडली की वाफ आपोआप त्या पोकळीत धावते आणि तिथे तिचं पाणी होतं. वेगळा कंडेन्सर. पुढच्या काही दिवसांतच त्याने पितळेची एक मोठी पिचकारी सिलिंडर म्हणून वापरून छोटं मॉडेल करून बघितलं आणि ते चाललं. वॅटचा खरा शोध हा आहे, वाफेचं इंजिन नाही, आणि तो एवढा मोठा आहे की त्याला किटलीच्या गोष्टीची गरज नाही. ती किटलीची आठवण वॅटच्या नात्यातल्या एका बाईंनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलेली आहे, तीसुद्धा पोर रिकामं बसलंय म्हणून घरातली मोठी बाई त्याला रागावते अशी.

पण संपादकसाहेब, पुरवण्यांमधल्या गोष्टी इथे संपतात आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून चालू होते. १७६५ ला सुचलं, १७६९ ला पेटंट झालं, आणि खाणीवर पहिलं इंजिन चालू झालं ते १७७६ ला. अकरा वर्षं! मधल्या काळात वॅट पोटासाठी कालव्यांचे सर्व्हे करत हिंडत होता, पैसे घालणारे जॉन रोबक १७७३ मध्ये दिवाळखोरीत गेले. पैसा हे एक कारण झालंच, पण दुसरं कारण जे मला आतून कळतं ते सिलिंडर. न्यूकमेनची पाण्याची युक्ती वॅटला चालणार नव्हती, कारण दट्ट्यावर पाणी ठेवलं की सिलिंडर गार होणार, आणि सिलिंडर गरम ठेवायचा हाच तर सगळा मुद्दा. त्याने वरचं तोंडही बंद केलं, हवेच्या जागी दट्ट्याच्या वर वाफच सोडली. म्हणजे आता दट्ट्या कोरडाच घट्ट बसायला हवा, वरपासून खालपर्यंत सगळीकडे सारखा. आणि तसा सिलिंडर बनवणारा माणूस मिळेना. वॅटने फट बुजवायला काय काय घालून बघितलं माहितीये, बुचाचे तुकडे, तेलात भिजवलेल्या चिंध्या, कागद, घोड्याची लीद. सगळीकडून वाफ गळायची. एवढा हुशार माणूस, डोक्यात शंभर टक्के बरोबर इंजिन, आणि समोर एक वाकडा सिलिंडर. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

सुटका केली जॉन विल्किन्सनने. हा लोखंडवाला, वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ बर्शमला त्याचा कारखाना, तोफा ओतायचा. १७७४ मध्ये त्याने तोफांच्या बोअरिंगचं पेटंट घेतलं, तोफ भरीव ओतायची आणि मग तिला फिरवत ठेवून आतून भोक पाडायचं. त्यानंतर लगेच सिलिंडरसाठी वेगळं मशीन केलं आणि त्यात जे केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. आधीच्या पद्धतीत काय व्हायचं, पाणचक्कीने फिरणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला कटर, दांडा एकाच बाजूला धरलेला, दुसरं टोक सिलिंडरच्या आत, म्हणजे कटरचं वजन खाली सिलिंडरच्या अंगावरच टेकणार. मग ओतकाम जसं वाकडं असेल तसतसा कटर त्याच्या मागे मागे जाणार, भोक गुळगुळीत होईल पण सरळ नाही होणार. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना बेअरिंगमध्ये धरला. सिलिंडर घट्ट बांधून ठेवला आणि कटर त्या दांड्यावरून सरकत सरकत पुढे जाईल असं केलं. बस्स. आता कटर दांड्याचं ऐकतो, ओतकामाचं नाही.

ज्याने बोअरिंग केलंय त्याला हे लगेच पटेल. मी नवीन होतो तेव्हा एक लांब बुश म्हणजे नळीसारखा पोकळ भाग बोअर करायला दिला होता, घाईत बार म्हणजे कटर धरणारा दांडा गरजेपेक्षा बराच बाहेर काढून बांधला, कट लावल्या लावल्या चॅटर म्हणजे कटरची थरथर सुरू, असा आवाज की शेजारच्या मशीनवरचे वळून बघायला लागले, जॉब काढून उजेडात धरला तर आतून भोकाला लाटाच लाटा. आमच्या उस्तादांनी काही न बोलता बार आत सरकवून दिला आणि बोट आतून फिरवायला लावलं, म्हणाले हाताला काय लागतंय ते लक्षात ठेव. एका टोकाला धरलेला दांडा काय करतो हे मला त्या दिवशी कळलं, म्हणून विल्किन्सनचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

रोबकच्या जागी वॅटला बर्मिंगहॅमचे मॅथ्यू बोल्टन भागीदार मिळाले होते, १७७५ मध्ये पार्लमेंटकडून पेटंट १८०० पर्यंत वाढवून घेतलं होतं, आणि सिलिंडर विल्किन्सनकडून यायला लागले. टिप्टनच्या खाणीवर बसवलेला सिलिंडर ५० इंच व्यासाचा होता, म्हणजे सव्वा मीटरहून जास्त, आणि बोल्टनने लिहून ठेवलंय की त्यात कुठेही एका जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाही. शिलिंगची जाडी म्हणजे साधारण मिलिमीटरच्या आसपास, आज सीएनसीवर म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर काम करणारी पोरं यावर विश्वास ठेवणार नाहीत, पण त्या काळात सव्वा मीटर भोकाला एवढी अचूकता म्हणजे आभाळाला हात लागल्यासारखं होतं. मार्च १७७६ मध्ये ते इंजिन चालू झालं. आणि त्याच सुमाराला दुसरं जे इंजिन लागलं ते विल्किन्सनच्या स्वतःच्या भट्टीवर, भट्टीला हवा मारायला. म्हणजे बघा कसं चक्र आहे, भट्टीतून बीड, बिडाचा सिलिंडर, सिलिंडरचं इंजिन, इंजिनाने परत भट्टीचा भाता. पुढची जवळजवळ वीस वर्षं बोल्टन आणि वॅटचे बहुतेक सगळे सिलिंडर विल्किन्सननेच बोअर केले. नंतर त्याने परवानगी न घेता इंजिनं बनवून विकली म्हणून दोघांचं फाटलं, तेही खरं आहे, माणसं माणसांसारखीच होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळातलं कुठलंही यंत्र उचलून बघा, आत अशीच दुसरी कोणाची तरी कारागिरी निघते. कापसाच्या गिरण्यांचं घ्या. रिचर्ड आर्कराइट मूळचा न्हावी, केसांचे टोप बनवायचा, त्याचं पाण्यावर चालणारं सूतकताई यंत्र जॉन के नावाच्या एका घड्याळजीच्या मदतीने उभं राहिलं, पेटंट १७६९, वॅटचं झालं तेच वर्ष. १७७१ मध्ये क्रॉमफर्डला गिरणी उभी राहिली आणि त्याच डिसेंबरात डर्बीच्या पेपरात गिरणीची जाहिरात आली. पाहिजेत, ताबडतोब, दोन घड्याळजी किंवा दातेरी चक्रांचं काम नीट येणारे दुसरे कोणी, एक लोहार, घडाई आणि कानस दोन्ही येणारा, दोन लाकूड कातणारे. खाली असंही होतं की बायका-मुलांनाही काम मिळेल. मला ही चार ओळींची जाहिरात त्या काळाबद्दलच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त सांगून जाते. इंजिनिअर हा शब्द त्यात नाही, इंजिनिअर अजून व्हायचे होते, जे होते ते घड्याळजी, लोहार आणि कातारी. आणि त्या बायका-मुलांचं पुढे काय झालं, मुलांनी गिरणीत किती तास काढले, तेही मुलांच्या पानावर यायला हवं, कारण वाचणारी मुलं त्याच वयाची आहेत.

घड्याळजी आठवला की बेंजामिन हंट्समन आठवतो, डॉनकास्टरचा. घड्याळाच्या स्प्रिंगला चांगलं पोलाद मिळत नव्हतं, एक भाग कडक एक मऊ, म्हणून १७४० च्या सुमारास त्याने पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकसारखं करायची पद्धत बसवली. स्प्रिंगसाठी केलं, पण बीड कापायचं तर बिडाहून कडक आणि सगळीकडून सारखं टूल लागतं, म्हणजे ते लेथला पण उपयोगी पडलं.

आणि तो पहिला लोखंडी पूल, सेव्हर्न नदीवरचा, कोलब्रुकडेलजवळ. १७७९ मध्ये उभा केला, १७८१ च्या पहिल्या दिवशी लोकांना खुला केला. तिथल्याच अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक (हवा न लागू देता भाजलेला कोळसा) वापरून बीड काढायला सुरुवात केली होती, त्याच्या नातवाने हा पूल ओतला, पावणेचारशे टनांच्या वर बीड. पण जोडला कसा? जवळून फोटो बघा, सुताराने जोडल्यासारखा! एका तुकड्याला जीभ, दुसऱ्याला आरपार खाच, जीभ खाचेत घालायची आणि पाचर ठोकायची, कुठे कबुतराच्या शेपटीसारखे सांधे. अख्खा पूल बिडाचा आणि जोड सगळे लाकूडकामाचे, कारण तोवर माणसाला मोठं काही उभं करायचं तर लाकूड जोडायची पद्धतच माहीत होती. नवीन माल आला तरी हात जुनंच शिकलेले असतात. माझ्या नातीला हा फोटो सगळ्यात जास्त आवडला.

शेवटी ज्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पत्र बंद करता येणार नाही तो हेन्री मॉडस्ले. जन्म १७७१, वूलिचचा. बाराव्या वर्षी तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं भरायला लागला, मग लोहारकामात हात बसला, अठराव्या वर्षी लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कुलपांच्या कारखान्यात. ब्रामाने १७९० मध्ये दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं, जो हत्याराने उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस, ते कुलूप १८५१ पर्यंत कोणाला उघडलं नाही, आणि हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने उघडलं तेव्हा त्याला एकूण ५० तासांच्या वर लागले. असल्या कुलपाचे भाग हाताने एकेक बनवत बसलं तर परवडणार कसं, म्हणून त्यांची मशीनं मॉडस्लेने केली. तो तिथला फोरमन झाला, मग लग्न, मुलं, आठवड्याला ३० शिलिंगवरून पगारवाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं, आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं.

तिथे त्याने जो लेथ बनवला त्याच्यापुढे मी हात जोडतो. आधी बहुतेक कातारी टूल हातात धरून, टेकूवर दाबून, छातीचा जोर लावून कातायचे, जॉब कसा होईल हे त्या दिवशी मनगट कसं आहे त्यावर. मॉडस्लेने टूल लोखंडी सरकत्या साच्यात पकडलं, आम्ही स्लाइड म्हणतो ती, आणि ती स्लाइड लांब स्क्रूने पुढे नेली, आणि तो स्क्रू गिअरने जॉबच्या फिरण्याला जोडला. गिअर बदला, आटे बदलतील. आजचा साधा लेथ उघडून बघा, लेड स्क्रू, चेंज गिअर, क्रॉस स्लाइड, सगळं त्यातलंच आहे. आता परत मॉडस्लेनेच हे सगळं एकट्याने शोधलं असं लिहायला नको, सरकत्या स्लाइडचा लेथ फ्रान्समध्ये व्होकान्सनने पन्नासेक वर्षं आधी केला होता आणि जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकातच फार अचूक स्क्रू कापले होते. पण सगळं लोखंडात, एकत्र, रोज कारखान्यात वापरता येईल असं करून दाखवलं ते त्याने.

त्याच्या आधी नट-बोल्टची काय अवस्था होती सांगतो, प्रत्येक नट त्याच्या त्याच्याच बोल्टला बसायचा, मशीन खोललं की जोड्यांना खुणा करून ठेवायच्या, अदलाबदल झाली की बोंबला. पुढे त्याच्याच वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून १८४१ मध्ये आट्यांचं एकच माप सुचवलं, ५५ अंशांचे आटे. आमच्या शॉपमधल्या जुन्या मशीनवर व्हिटवर्थचेच बोल्ट होते, मेट्रिकचा पाना त्यांना बसायचा नाही, वैतागायचो, पण तेव्हा माहीत नव्हतं की त्या नावाचा माणूस होता आणि तो कोणाचा शागीर्द होता.

मॉडस्ले त्याच्या कामगारांच्या बाकांवर सपाट प्लेटी ठेवायचा, ज्याने त्याने आपलं काम त्यावर तपासायचं. सपाट प्लेट बनवायची कशी, तपासायला आधीच सपाट काहीतरी लागणार, मग पहिली कुठून आली? याचं उत्तर तीन प्लेटींत आहे. दोनच घेतल्या आणि निळा रंग लावून एकमेकींवर घासल्या, जिथे रंग लागला ते उंच, ते स्क्रेपरने खरवडलं, तर दोघी एकमेकींना बसतील पण एक फुगीर आणि एक खोलगट असूनही बसतील. तिसरी आणली की ही लबाडी चालत नाही, पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला, तिघी सगळीकडून बसल्या तर त्या सपाटच असणार, दुसरा मार्गच नाही. म्हणजे कुठलंही मशीन नसताना, नुसत्या हाताने आणि विचाराने, पूर्ण सपाट पृष्ठभाग मिळतो! मी ते स्क्रेपिंग केलेलं आहे, खांदे भरून येतात, दिवसभरात निळ्या ठिपक्यांची गर्दी थोडी वाढते इतकंच, पण शेवटी प्लेटवर प्लेट ठेवली की ती हवेवर तरंगल्यासारखी घसरते, ते सुख वेगळं. आणि त्याच्याकडे एक मायक्रोमीटर होता, इंचाचा दहा हजारावा भाग मोजणारा, त्याला नाव दिलं होतं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे मापाबद्दल भांडण झालं तर शेवटचा निकाल याचा.

मार्क ब्रुनेल या इंजिनिअरच्या डिझाइनवरून मॉडस्लेने पोर्ट्समथच्या आरमारी गोदीसाठी जहाजांच्या लाकडी कप्प्या बनवणारी ४५ मशीनं करून दिली, एका मोठ्या युद्धनौकेला हजाराच्या आसपास कप्प्या लागायच्या. १८०८ मध्ये वर्षाला १,३०,००० कप्प्या निघत होत्या, आणि ११० कसबी कामगारांचं काम १० साधी माणसं करत होती. मी मशीनवाला माणूस आहे, हे वाचून छाती फुगते, आणि लगेच मनात येतं की उरलेले शंभर जण कुठे गेले. जेम्स हारग्रीव्ह्जची सूतकताईची जेनी यंत्रं १७६८ मध्ये लोकांनी घरात घुसून फोडली तेव्हा त्यांच्याही मनात हेच असणार, त्यांना नुसतं अडाणी म्हणून मोकळं होऊ नये.

नातीला मी हे सगळं दोन दिवस सांगत होतो. तिचं म्हणणं पडलं की मग विल्किन्सनने सिलिंडर आधीच केला असता तर? मी म्हटलं कशाला केला असता, कोणी मागितलाच नसता, न्यूकमेनचं वाकड्यावर भागत होतं. तिला ते पटलं. सातवीतल्या मुलीला पटतं, म्हणजे मुलांना हे झेपणार नाही हे कारण चालणार नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी वॅटच्या इंजिनाचं चित्र छापाल तेव्हा सिलिंडरकडे एक बाण काढून विल्किन्सनचं नाव आणि तुळईकडे बाण काढून न्यूकमेनचं नाव तेवढं लिहा. आणि मुलांच्या पानावर थोडी जागा असेल तर डर्बीच्या पेपरातली ती १७७१ ची जाहिरात मराठीत करून छापा, दोन घड्याळजी, एक लोहार, दोन कातारी पाहिजेत, ताबडतोब. पेपरातलीच जाहिरात आहे, पेपरातच शोभेल.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक रिटायर्ड टर्नर